हायड्रोफोन

दिवसा शाळांच्या सहली असतात, म्हणून आमचं काम रात्री.
सेंट जॉन्सच्या धक्क्यावर धुकं बसलं की
जेरार्ड व्हॅन मागे घेतो आणि आम्ही उतरवतो
सोळा स्पीकर, दोन प्रोजेक्टर, केबलची जड रिळं
आणि बिस्किटांचा एक डबा, जो यादीत नाही.

फिलोमेनाचा पहिला नियम : काचेला हात लावायचा नाही.
काच नाहीच ती, वीतभर जाडीचं अ‍ॅक्रिलिक आहे,
पण सगळे काचच म्हणतात, तीसुद्धा.
ड्रिल नको. बासचे खोके भिंतीला टेकवू नका,
खाली रबराच्या गाद्या घाला. टॉर्च फक्त लाल.
"तुम्ही इथे ठोकलंत की त्यांना पोटात ऐकू येतं."
कॉडच्या पोटात हवेचा फुगा असतो, ती सांगते,
त्यानंच तो ऐकतो,
बोलायचं झालं तर तोच वाजवतो.
जेरार्ड हसला.
तो हसला की शिडी हलते.

मीठ सगळीकडे पोचतं.
मागच्या कंत्राटदाराचे स्क्रू बोटांनी कुस्करले गेले
शिळ्या बिस्किटासारखे.
आता सगळं स्टेनलेस, आणि प्रत्येक केबलला
डब्यात शिरण्याआधी एक लोंबता वळसा,
म्हणजे ओघळणारा थेंब तिथेच खाली पडतो,
आत जात नाही.
हा वळसा मी कॉलेजात शिकले.
केबल बांधायच्या गाठी मात्र वडिलांच्या आहेत, जाळ्याच्या.
त्याबद्दल कुणी विचारत नाही.

रात्री दोनला फाइल लावली. नाव : समुद्र, अंतिम, चौथा.
लाटा आल्या, डाव्या कोपऱ्यातून पक्षी,
मग छतावरून सावकाश एक देवमासा गेला,
इतका मोठा, की जेरार्डनं टोपी काढली.
मलाही वाटलं, जमलं.

"थांबा," फिलोमेना म्हणाली,
आणि टाकीत हायड्रोफोन सोडला,
आपला आवाज आत किती झिरपतो ते बघायला.
हेडफोन माझ्या कानावर.

देवमासा नव्हता.
लाट नव्हती.
होता पंप.
एकच सूर, ना वर ना खाली,
गेली अकरा वर्षं, रात्रंदिवस,
भाड्याच्या खोलीतल्या फ्रिजसारखा.

हा सूर मला ठाऊक होता.

मासेमारीवर बंदी आली तेव्हा मी सात वर्षांची होते.
बोट विकली, वडील अल्बर्टाला गेले,
तेलाच्या कारखान्यात, पंपघरात.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
आम्ही तर जमिनीवर राहत होतो,
आणि ते वैर होतं असं कुणाला वाटलंही नव्हतं.
दर रविवारी फोन यायचा.
ते बर्फाबद्दल बोलायचे, जेवणाबद्दल, दातदुखीबद्दल,
आणि त्यांच्या मागे हे.
हेच.
मी लहानपणी समजायचे, लांबच्या फोनला असा आवाज असतोच.

"काय ऐकू येतंय?" जेरार्डनं विचारलं.
मी बोट वर केलं. कारण त्या सुराच्या खालून
काहीतरी खरखरलं, कुर्र, थोडं थांबून पुन्हा कुर्र,
रिकाम्या डब्यावर अंगठा घासावा तसं.
हेडफोन काढून मी फिलोमेनाला दिला.
तिनं ऐकलं. पुष्कळ वेळ ऐकलं.
"पंप आमच्या बजेटमध्ये नाही," ती म्हणाली,
"दोनदा लिहून दिलंय."

बास चार डेसिबल खाली घेतला.
प्रोजेक्टरची कड भिंतीशी जुळवली.
पहाटे मी मागच्या खोलीत गेले.
पाइपाची पकड थेट भिंतीत आवळलेली होती, लोखंडाला लोखंड.
ती सैल केली, उरलेल्या गाद्या कापून मध्ये सरकवल्या,
पुन्हा आवळली. दाराशी फिलोमेना उभी होती
चहाचा कप घेऊन, आणि तिला काहीच दिसत नव्हतं.

सूर गेला नाही.
थोडा मागे सरला,
शेजारच्या खोलीत गेल्यासारखा.

सकाळी बिल लिहिताना जेरार्डनं गाद्या मोजल्या.
चार कमी.
त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि शेवटचं बिस्किट माझ्यापुढे केलं.